बारा बैलांवरचं पाणी

पोरीनं चहा सोडला, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

ती हैदराबादेत नर्स आहे. दोन दिवसांची रजा काढून घरी आली होती. तिच्या आईनं नेहमीप्रमाणे कपबशी पुढे केली, तर म्हणते, नको. आमच्या आदिलाबादजवळच्या, जैनथकडच्या गावात चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तिची आई चमकलीच.

"काऊन माय? कोनाशी काई झालं काय?"

"नाई व आई. सोडला चहा."

"तब्येतीपायी?"

"धर्मापायी."

मी पेपर खाली केला. आमच्या धर्माचं चहाशी कधी वाकडं नव्हतं. विहारात वंदना झाली की पहिल्यांदा चहाच येतो. मंग तिनं सगळं सांगितलं. हैदराबादेत मॉर्मन लोकांचं चर्च आहे, ती तिथं जाते, आणि आता नुसती जात नाही, पाण्यात बुडवून घेऊन त्यांच्यातली झाली आहे. मॉर्मन हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. आदिलाबादेत चर्चं काही कमी नाहीत, मला वाटलं त्यातलंच एक. ती म्हणाली, येशू तोच, पण भिंतीवर क्रूस नसतो, चहा-कॉफी-दारू चालत नाही, आणि मेलेल्या माणसाशीसुद्धा घरच्यांचं नातं तुटत नाही असं ते मानतात.

मी तापट माणूस. तीस-बत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली, आवाज चढवायची सवय हाडात गेलेली. माझा बाप पाटलाच्या घरी सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबायचा. त्यानं दीक्षा घेतली, देव-देव्हारे सगळं नाल्यात सोडून आला. आणि त्याची नात शिकून सवरून पुन्हा देवाच्या दारात! मी घर डोक्यावर घेतलं. तिची आई मधे पडली.

"पोरगी दारू पेत नाई, चहा पेत नाई, कोनाच्या अध्यात ना मध्यात. मंग वरडून राह्यले कायले?" असं म्हणून तिनं पोरीसाठी दूध गरम केलं. माझा चहा मात्र त्या दिवशी गारच मिळाला.

पुढच्याच वर्षी पोरीच्या आईला दुखणं लागलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हैदराबादेत न्या म्हणून सांगितलं. पोरीच्याच ओळखीनं एका दवाखान्यात ठेवलं. तिथं आमचं कोण होतं? पण रोज दुपारी त्या चर्चमधल्या कोणी ना कोणी बाया डबा घेऊन यायच्या. तेलुगू बोलणाऱ्या, साध्या बाया. धर्माचं अवाक्षर काढत नव्हत्या. एकदा दोन गोरी पोरं आली, पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. त्या पट्टीवर 'एल्डर' लिहिलेलं. पोरीनं अर्थ सांगितला तशी तिची आई त्या दुखण्यातही हसली. "हे वडील? यायले मिशा तं फुटू द्या!"

ती गेली. मी हे वाक्य लिहितो आणि पुढं काय लिहावं ते सुचत नाही, कारण तेव्हाही काही सुचलं नव्हतं. गावी आणली. भंतेजी आले. जलदान झालं: घरच्यांनी मिळून तांब्याला हात लावला, भंतेजी गाथा म्हणत होते आणि पाणी हळूहळू ताटात सोडलं. पोरगी माझ्या शेजारी पांढऱ्या साडीत बसली होती. तिनंही तांब्याला हात लावला, गाथा म्हटल्या, कुठं अडली नाही. लोक रडत होते. मी ताटातलं पाणी काठापर्यंत आलं की नाही ते पाहत होतो.

त्यानंतर माझं काहीतरी बंद पडलं. दुःख होतं असं म्हणावं तर दुःखही नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. राग यायचा तो तेवढा शिल्लक होता, तोही सवयीचा. पोरीनं हे ओळखलं आणि मला हैदराबादेत घेऊन गेली. तिची एक खोली. रविवारी ती चर्चला निघाली की मी खोलीत एकटा. भिंतीकडे पाहण्यापेक्षा माणसांकडे पाहिलेलं बरं, म्हणून एका रविवारी तिच्यामागं निघालो.

"तुमी येता?" तिला खरं वाटेना.

"बसाले खुर्ची हाय ना तिथं?"

खुर्च्या होत्या, ओळीनं मांडलेल्या. एखाद्या पंचायत समितीच्या सभागृहासारखी खोली. मूर्ती नाही, क्रूस नाही, धूप नाही, घंटा नाही. पियानोवर एक बाई वाजवत होती. माणसं उठून उभी राहायची आणि आपापलं सांगायची, तेलुगूत, इंग्रजीत, रडायचीसुद्धा. मग ताट फिरायला लागलं. ओळीतून हातोहात पुढं सरकत आलेलं स्टीलचं ताट माझ्यासमोर आलं. आता आयुष्यभर आपल्यासमोर फिरत आलेल्या ताटात आपण काय करतो? मी खिशातून दहाची नोट काढली आणि टाकली.

ताटात पावाचे तुकडे होते. नोट त्यांच्यावर पडली. पोरीनं माझं मनगट धरलं. शेजारच्या माणसानं अगदी सावकाश ती नोट उचलली, घडी केली आणि माझ्या हातात परत दिली, एवढ्या आदरानं की मला त्याचा संताप आला. मागोमाग दुसरं ताट आलं, बोटाएवढ्या पेल्यांतून पाणी. पोरगी कानाशी म्हणाली, "घ्याचं असन तं घ्या, नाई तं पुढं द्या." मी पुढं दिलं. बाहेर आल्यावर ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. आई गेल्यावर पहिल्यांदा हसली. मला काही वाटलं नाही, पण ती हसते आहे हे मी पाहिलं.

मंग मी दर रविवारी जायला लागलो. श्रद्धा नव्हती, सवय झाली. कोणी मला तुम्हीही व्हा असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी उठून आलो असतो. गुडघ्यांची चौकशी करायचे. एका म्हाताऱ्याशी कापसाच्या भावावर बोलणं व्हायचं.

एका रविवारी, तिथून परत आल्यावर, पोरगी कांदा चिरत होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "बाबा, एक इचारू?"

"इचार."

"आईचं नाव देऊ काय मंदिरात?"

मला वाटलं, एखादी फरशी वगैरे बसवायची असेल नावाची. तसं नव्हतं. त्यांच्याकडे चर्च वेगळं आणि मंदिर वेगळं. चर्चमध्ये कोणीही येऊन बसावं, माझ्यासारख्यानं नोटा टाकाव्या. मंदिरं मात्र थोडी, दूरदूर, आणि तिथं त्यांच्यातल्याच माणसांना प्रवेश. त्या मंदिरात मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात उतरतो. पांढऱ्या कपड्यातला एकजण मेलेल्याचं नाव पुकारतो आणि या जिवंताला पूर्ण बुडवून वर काढतो. डोक्यावरचा एक केस जरी पाण्याबाहेर राहिला तरी पुन्हा बुडवतात. म्हणजे त्या मेलेल्याचा बाप्तिस्मा झाला. मात्र त्याचा जवळचा माणूस हयात असेल तर आधी त्याला विचारावं लागतं.

"म्हंजे माही रजामंदी पाह्यजे."

"हो."

"हे श्राद्ध हाय," मी म्हणालो. "पाण्यातलं श्राद्ध. तुह्या आजानं शपथ घेतली होती, श्राद्ध नाई, पिंड नाई. मेलं मानूस मेलं. तुह्या मायचं जलदान झालं, त्यात तुहा हात होता. आता हे दुसरं पानी कायचं?"

"बाबा, जबरदस्ती नाई. नुसतं तिकडं तिले कळवतात म्हना ना. तिले पटलं तं हो म्हनन, नाई तं नाई. सगळी तिची मर्जी."

"तिकडं? कोनतं तिकडं?"

कांदा चिरून झाला होता, तरी ती सुरी फिरवत राहिली. डोळे कांद्यानं लाल होते की कशानं, मी विचारलं नाही. मला एवढं मात्र कळत होतं की पोरीला आपली आई पुन्हा भेटायला पाहिजे होती, आणि त्या भेटीच्या दारात मी उभा होतो.

त्या सुमारास बँकॉकला त्यांचं नवं मंदिर बांधून झालं. उद्घाटन व्हायच्या आधी थोडे दिवस ते सगळ्यांना खुलं ठेवतात, कोणत्याही धर्माचा माणूस आत फिरून पाहू शकतो. एकदा उद्घाटन झालं की बाहेरच्याला दार बंद. पोरगी म्हणाली, "एकदा पाहा तं खरं. मंग नाईच म्हना. नंतर तुमाले पाहाले भेटनार नाई."

"बंद दारं आमाले नको शिकवू," मी म्हणालो. "माह्या बापाले मारुतीच्या पारापाशी उभं राहू देत नव्हते. म्हनून त्यानं देवळाकडं जानंच सोडलं. आता त्याची नात अशा देवळात जाते जिथं तिच्या बापालेच बंदी!"

"ते जातीवरून नाई, बाबा."

"बंदी ते बंदी."

पण गेलो. विमानात पहिल्यांदा बसलो आणि कानात कापूस घालून झोपलो. बँकॉक म्हणजे बुद्धाचा मुलूख. आमच्या विहारातल्या बाया सहल काढून तिथं जाऊन येतात, फोटो दाखवतात. मीही पहिल्या दिवशी सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीपुढं उभा राहिलो. हात जोडले, त्रिसरण म्हटलं. आत काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी मंदिर.

दारात एका थाई पोरीनं आम्हाला थांबवलं. मी खाली वाकून चपला काढायला लागलो तर ती हसून नको म्हणाली आणि चपलेवरून चढवायला पांढऱ्या कापडी पिशव्या दिल्या. जन्मभर देवाच्या दारात चपला काढायच्या असतात एवढं ऐकलेलं, इथं चपलेलाच सदरा घालतात. त्या पिशव्या घालून गालिच्यावरून चाललो की पावलाचा आवाज येत नव्हता. सगळीकडे पांढरं, काचेची झुंबरं, कोणी मोठ्यानं बोलत नाही. एका खोलीत समोरासमोर दोन मोठे आरसे होते, मधे उभं राहिलं की आपण ओळीनं दूरवर दिसतो. पोरगी म्हणाली, ह्याचा अर्थ कधी न संपणारं कुटुंब. मला त्या ओळीत एकटा म्हातारा दिसत होता, पुन्हा पुन्हा तोच. मी बाजूला झालो.

मग खालच्या मजल्यावर नेलं. आणि तिथं बैल होते.

खरंच सांगतो, बारा बैल. पांढरे, पुरते खऱ्या उंचीचे, पाठीला पाठ लावून गोल उभे, तोंडं चारी दिशांना. त्यांच्या पाठीवर भलंमोठं गोल टाकं, त्यात निळं पाणी. त्याच पाण्यात मेलेल्यांच्या नावानं उतरतात. पोरीनं मला हे सांगितलंच नव्हतं. तिला काय त्याचं? ती बैलांत वाढली नाही. मी वाढलो. पोळ्याला माझा बाप पाटलाचे बैल नाल्यावर धुवायचा, शिंगं रंगवायचा, खांद्याला तूप-हळद चोळायचा. पुरणपोळी पाटलीण बैलांना चारायची, उरलेली आमच्या घरी यायची.

मी जवळ गेलो. खांदे पाहिले. जुवाचा घट्टा नव्हता. नाकात वेसण नव्हती. वशिंडही नव्हतं, परदेशी जात असावी. कान तेवढे बरोबर केले होते, ऐकत असल्यासारखे. माहिती सांगणारी अमेरिकन म्हातारी इंग्रजीत म्हणाली की हे इस्राएलच्या बारा कुळांची खूण आहेत. मी तिला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं, "दे नेव्हर प्लाउड?" म्हणजे, यांनी कधी नांगर ओढला नाही? ती गोंधळली. पोरगी म्हणाली, "बाबा, चला आता." माझा हात त्या एकाच्या खांद्यावर होता. दगड थंड होता. कसं काय कोण जाणे, पण तिथून हलावंसं वाटत नव्हतं, एवढं मात्र खरं.

बाहेर निघताना त्या म्हातारीनं पोरीकरवी विचारलं, आत शांत वाटलं का?

"सांग तिले," मी म्हणालो, "मले तुही माय गेल्यापासून शांतच वाटून राह्यलं. तेच तं दुखनं हाय."

पोरीनं ते सांगितलं नाही. नुसतं 'येस' म्हणाली. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "पान्यात कोन उतरन? तिच्या जागी?"

"मी."

परत येईपर्यंत तिनं तो विषय काढला नाही, आणि मी गावी निघून आलो तेव्हाही नाही. दर रविवारी फोन करायची. जेवले काय, गोळी घेतली काय, पाऊस किती झाला. मागायचं ते एकदा मागून झालं होतं. पोरगी आईवर गेली आहे, दुसऱ्यांदा मागत नाही.

गावात माझं बरं चाललं होतं, म्हणजे चाललं होतं. कापूस फुटला, वेचणी सुरू झाली, बाया सकाळी ऑटोत भरून जायच्या. पोरीच्या आईचं नाव आता कोणी घेत नव्हतं. मीही नाही, पण मी तर ती असतानाही घेतलं नव्हतं. आमच्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. 'अवं', 'आयकलं काय', फार तर 'पोरीची माय'. लग्नात उखाण्यात तिनं माझं घेतलं होतं, मी लाजून तिचं घेतलंच नाही, पुढं राहूनच गेलं.

एक दिवस पेन्शनच्या कामासाठी आदिलाबादला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये तामसीकडची एक बाई शेजारी बसली. तिची पोरं माझ्या हाताखाली शिकलेली. बऱ्याच वर्षांनी भेटत होती.

"गुरुजी, घरच्या बाई कशा हायत?"

"बऱ्या हायत," मी म्हणालो.

"माहा जयभीम सांगा त्यायले."

"सांगतो."

ती तिच्या फाट्याला उतरून गेली. मी बसमध्ये तसाच. खोटं बोललो म्हणून शरम वाटायला हवी होती, नाही वाटली. रडू यायला हवं होतं, नाही आलं. जीभ आपलीआपण बोलून गेली आणि आतून कोणी तिला अडवायलासुद्धा आलं नाही. तेव्हा मात्र मला माझी भीती वाटली. खरीखुरी भीती. पोरीची माय गेल्यानंतर मला वाटलेली पहिली गोष्ट म्हणजे ही भीती.

घरी आलो, कुलूप काढलं, उभ्याउभ्या पोरीला फोन लावला.

"दे तिचं नाव."

"बाबा?"

"मले पटलं नाई. तिकडं-बिकडं काई नसते, हे मी मरेपर्यंत म्हनन. पन तिचं नाव कोनीतरी मोठ्यानं घेऊ दे. इथं कोनी घेत नाई."

फोनवर ती किती वेळ रडली, मी मोजलं नाही.

तिच्या चर्चमधली काही माणसं बँकॉकला जाणार होती, त्यांच्यासोबत तीही गेली. मंदिराचं दार आता माझ्यासारख्याला बंद झालं होतं. ज्या दिवशी ती पाण्यात उतरणार होती त्या दिवशी मी काही वेगळं केलं नाही. भाकरी केली, एक बाजू करपली. अंगण झाडलं. दुपारी खाटेवर बसलो, फोन मांडीवर घेऊन. शेजारी कोणाचा तरी रेडिओ तेलुगूत बोलत होता.

फोन आला.

"बाबा, झालं." तिचा आवाज ओला होता, पण बरा होता. "पांढरे कपडे देल्ले होते. आईचं नाव पूर्ण घेतलं त्यायनं, माहेरच्या नावासकट. थोडं चुकत होतं, मी सांगतलं, मंग नीट म्हटलं. एकाच डुबकीत झालं, पुन्हा नाई लागलं."

"हूं."

"तुमाले राग तं नाई ना आला?"

नाही म्हणायचं होतं. किंवा बरं झालं म्हणायचं होतं. तयारीही केली होती तशी, दोन वाक्यांची. तोंडातून भलतंच निघालं.

"पानी थंड होतं काय?"

ती हळूच म्हणाली, "नाई बाबा. कोमट होतं. मले काई झालं नाई."

"तुले नाई इचारून राह्यलो," मी म्हणालो. अंगणातलं काही दिसेना. "तुह्या मायले. तिले थंड पानी सोसत नाई."